साखर, शुगर-फ्री, अजिनोमोटो, रंग : डोळ्यांना नक्की काय बाधतं?

२०२५ च्या मे महिन्यात सीबीएसईनं शाळांना सांगितलं की 'शुगर बोर्ड' लावा, कुठल्या कोल्ड्रिंकमध्ये किती साखर ते मुलांना दिसू द्या. मग जुलैत केंद्राच्या आरोग्य खात्यानं ऑफिसांमध्ये तेल-साखरेचे बोर्ड लावायला सुचवलं आणि बातमी अशी फिरली की सिगरेटच्या पाकिटासारखा इशारा आता समोसा-जिलबीवर येणार. सरकारनं लगेच खुलासा केला की दुकानदारांच्या मालावर लेबल लावायला कुणी सांगितलेलं नाही, ही नुसती सर्वसाधारण सूचना आहे. पण तोवर इंदूरमध्ये घराघरात चर्चा सुरू झाली होती, कारण इथे दिवस पोहे-जिलबीनं सुरू होतो आणि पाहुणे आले की रात्री दहा नंतर सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, नेल्याशिवाय पाहुणचार पूर्ण होत नाही.

मी चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायचं काम करते. तेव्हापासून रोज कुणी ना कुणी मोबाईल पुढे करून विचारतं, ताई हे खरं आहे का? शुगर-फ्रीच्या गोळीनं आंधळेपण येतं, अजिनोमोटोनं डोळ्याचा पडदा पातळ होतो, मिठाईच्या पिवळ्या रंगानं मोतीबिंदू होतो, गुळाला मात्र काही भीती नाही, असले मेसेज. यातल्या बऱ्याच गोष्टींत थोडंसं खरं आहे आणि म्हणूनच त्या जास्त फसवतात. म्हणून एकदा सगळं नीट बसून लिहून काढलं.

आधीच सांगून टाकते. खाण्याच्या पाकिटावर रंग-रसायनांचे जे नंबर छापलेले असतात आणि ज्यांना आपण घाबरतो त्यातल्या बहुतेकांचा डोळ्याशी संबंध फार लांबचा आहे, आणि जी साखर आपण घरचीच म्हणून डोळे मिटून खातो तीच वाढली की सरळ डोळ्यात शिरते.

डोळ्यात साखर शिरते कशी

स्नायूंमध्ये किंवा चरबीत साखर शिरायला इन्सुलिन लागतं हे आता बहुतेकांना माहीत असतं. डोळ्यातल्या लेन्सला इन्सुलिन लागत नाही. लेन्स म्हणजे बाहुलीच्या मागे असलेली पारदर्शक चकती, तिच्यात एकही रक्तवाहिनी नाही (असती तर आपल्याला स्वच्छ दिसलंच नसतं), तिला जे काही खायला मिळतं ते तिच्या पुढच्या भागात खेळणाऱ्या पाण्यातून. रक्तात साखर वाढली की त्या पाण्यातही वाढते आणि तिथून लेन्समध्ये जाते, मध्ये अडवणारं कुणी नाही.

आत गेल्यावर एक एन्झाइम त्या ग्लुकोजचं सॉर्बिटॉल बनवतं. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे. सॉर्बिटॉलला पेशीतून बाहेर पडणं जमत नाही, ते आत साठत जातं आणि पाणी ओढून घेतं. रात्री बेदाणे भिजत घातले की सकाळी टम्म फुगलेले असतात, कारण आतल्या साखरेनं पाणी ओढलेलं असतं, लेन्सच्या पेशींचं नेमकं तसंच होतं. लेन्स फुगली की तिचा आकार आणि ताकद बदलते, म्हणजेच चष्म्याचा नंबर बदलतो.

हे मी दुकानात स्वतः बघितलंय. रामबागेतल्या एक काकू, वय साठीच्या पुढे, नेहमी वाचायला चष्मा लागायचा, एक दिवस हसत हसत आल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, माझा तर चष्माच सुटून गेला! आरतीचं पुस्तक बिनचष्म्याचं वाचून राहिले मी." घरातले सगळे खूश, रोज सकाळी आवळ्याचा रस घ्यायच्या त्याचा गुण आला असं सगळ्यांना वाटलेलं. नंबर काढला तर लांबचा जवळपास पावणेदोन मायनस, आधी लांबचा नंबर नव्हताच. म्हणजे जवळचं दिसायला लागलं होतं पण समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर धूसर. मी विचारलं, काकू, तहान जास्त लागते का, रात्री उठावं लागतं का, तर म्हणाल्या, हो ना, उन्हाळा आहे म्हणून असेल. चष्मा बनवलाच नाही, आधी शेजारच्या लॅबमध्ये पाठवलं. शुगर साडेतीनशेच्या वर निघाली. औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांत मायनस नंबर उतरला, उलट थोडा प्लसमध्ये गेला आणि मग हळूहळू जागेवर आला. त्या काळात दोनदा चष्मा केला असता तर दोन्ही वाया गेले असते.

म्हणून ज्यांना नुकतीच शुगर निघाली आहे किंवा ज्यांचं औषध बदललंय त्यांना मी सांगते, महिना-दीड महिना थांबा, शुगर स्थिर होऊ द्या, मग नंबर काढा. आणि साठीत अचानक चष्मा सुटला तर आनंद मानायच्या आधी तपासणी करून घ्या, कारण एकतर शुगर असू शकते किंवा पिकत चाललेला मोतीबिंदू, त्यानंही असंच होतं.

हा फुगवटा परत जाणारा असतो, पण लेन्सला असा त्रास वारंवार झाला तर कायमचा गढूळपणा येतो. शुगर झालेल्या कुत्र्यांमध्ये हे फार झपाट्यानं होतं, बहुतेकांना वर्षभरात मोतीबिंदू होतो कारण त्यांच्या लेन्समध्ये ते एन्झाइम जोरात चालतं. माणसात तेवढं जोरात नसतं, पण काही बाळं अशी जन्माला येतात की दुधातली गॅलॅक्टोज नावाची साखर त्यांना पचत नाही, ती लेन्समध्ये अशीच अडकते आणि जन्मानंतर काही आठवड्यांत मोतीबिंदू दिसायला लागतो. वेळेवर कळलं आणि दूध बंद केलं तर सुरुवातीचा मोतीबिंदू निवळतोसुद्धा. साखर आणि लेन्स यांचं नातं किती सरळ आहे ते यावरून कळतं.

साखर प्रथिनांना चिकटते तेव्हा

दुसरी वाट हळू चालते. गुलाबजाम किंवा मावाबाटी तळताना जो तपकिरी रंग येतो तो दुधातली प्रथिनं आणि साखर एकमेकांना चिकटून होणाऱ्या रासायनिक क्रियेचा रंग. हीच क्रिया आपल्या अंगात ३७ डिग्रीला अगदी सावकाश, वर्षानुवर्षं चालू असते. शरीरातली बहुतेक प्रथिनं मोडून नवी होत राहतात त्यामुळे फारसं काही साचत नाही, पण लेन्सच्या गाभ्यातली प्रथिनं आपण आईच्या पोटात असतानाची असतात, ती कधीच बदलत नाहीत. त्यांना जी साखर चिकटली ती चिकटली. वयाबरोबर लेन्स पिवळी मग तपकिरी होते त्यात या क्रियेचा वाटा आहे, आणि रक्तात साखर जास्त असेल तर ती वेगानं होते. शुगर असलेल्यांना मोतीबिंदू इतरांपेक्षा लवकर होतो त्याचं हे एक मोठं कारण.

तुमचा एचबीए१सी रिपोर्ट हेच मोजतो. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, तेवढ्या दिवसांत त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली ते बघतात, म्हणून त्याला तीन महिन्यांची शुगर म्हणतात. रिपोर्टच्या आदल्या दिवशी उपास करून हा आकडा खाली येत नाही.

खरी काळजी पडद्याची

मोतीबिंदूचं ऑपरेशन आता इतकं चांगलं होतं की त्याची मला एवढी धास्ती वाटत नाही. धास्ती वाटते ती पडद्याची, म्हणजे रेटिनाची. डोळ्याच्या मागच्या बाजूला आतून असलेला हा पातळ थर, प्रकाश त्यावर पडतो आणि तिथून मेंदूला खबर जाते. त्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांना बाहेरून आधार देणाऱ्या काही पेशी असतात, वर्षानुवर्षं साखर जास्त राहिली की आधी त्या मरतात. मग वाहिनीला बारीक फुगे येतात, ते गळतात, पडद्यावर सूज येते, काही वाहिन्या बंद पडतात, मग उपाशी राहिलेला पडदा नव्या वाहिन्या मागवतो आणि त्या नव्या वाहिन्या इतक्या कच्च्या असतात की फुटून डोळ्यात रक्त उतरतं. याला डायबेटिक रेटिनोपॅथी म्हणतात.

यात दुखत नाही. लाल होत नाही. सुरुवातीची कित्येक वर्षं नजर सहा बाय सहा असते, माझ्या चार्टवरची शेवटची ओळसुद्धा माणूस धडाधड वाचतो आणि आत गळती सुरू झालेली असते. "मला तर सगळं स्वच्छ दिसतं" हे वाक्य ऐकलं की माझा जीव खालीवर होतो, कारण चष्म्याचा नंबर तपासणं म्हणजे पडद्याची तपासणी नव्हे, आणि लोकांना प्रामाणिकपणे वाटतं की डोळे तपासून झाले.

२०२३ मध्ये आयसीएमआरच्या, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, पाहणीचे आकडे आले, भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आणि १३ कोटींहून जास्त लोक त्याच्या उंबरठ्यावर. चाळिशीच्या पुढच्या मधुमेही लोकांची देशभर जी पाहणी झाली तिच्यात साधारण आठातल्या एकाच्या पडद्यावर रेटिनोपॅथी सापडली. पण दिलासा देणारंही बरंच आहे. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचा निकाल आला, टाइप १ च्या (ज्यात शरीर इन्सुलिन बनवणंच थांबवतं) रुग्णांनी साखर काटेकोर ठेवली तर नवीन रेटिनोपॅथी होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. १९९८ मध्ये ब्रिटनच्या अभ्यासात टाइप २ वाल्यांनी (आपल्याकडे बहुतेकांना असते ती, मोठेपणी होणारी शुगर) रक्तदाब नीट ठेवला तेव्हा रेटिनोपॅथी वाढण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांनी घटलं. रक्तदाब आला की मीठ आलं, आणि मीठ आलं की इंदूरमध्ये सेंव आलीच. पोह्यावर सेंव, दाल-भातावर सेंव, दुपारी नुसती सेंव. जिलबीवर सगळे बोलतात, सेंवेवर कुणी बोलत नाही, पण पडद्याच्या वाहिन्यांवर साखर आणि रक्तदाब दोघांचा मार एकत्र पडतो.

एक सावधगिरी इथेच सांगते. खूप वाढलेली शुगर औषधांनी एकदम झपाट्यानं खाली आणली तर आधीपासून खराब असलेला पडदा काही काळ आणखी बिघडू शकतो. म्हणून शुगर खाली आणायला घाबरायचं अजिबात नाही, पण इन्सुलिन किंवा नवीन जोरदार औषध सुरू करताना, आणि शुगर असलेल्या मुलीनं बाळाचा विचार करताना, आधी पडदा बघून घ्यावा.

"पण मला तर शुगर नाही"

हा प्रश्न बरोबर आहे. निरोगी माणसाचं शरीर जेवणानंतर वाढलेली साखर दोन-तीन तासांत खाली आणतं, त्यामुळे एका जिलबीनं कुणाच्या डोळ्याला काही होत नाही. मी कुणालाही असं सांगणार नाही की गोड खाल्लं की डोळे जातात.

पण दोन गोष्टी आहेत. एक, उंबरठ्यावरच्या त्या १३ कोटी लोकांतल्या बऱ्याच जणांना आपण उंबरठ्यावर आहोत हेच माहीत नसतं. दुसरी, म्हातारपणी पडद्याच्या अगदी मधल्या भागाची झीज होते, समोरच्या माणसाचा चेहराच दिसत नाही, कडेचं मात्र दिसतं. बोस्टनच्या टफ्ट्स युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांना असं दिसलं की ज्यांच्या जेवणात साखर झटकन वाढवणारे पदार्थ जास्त, म्हणजे मैदा, पांढरा ब्रेड, गोड पेयं, त्यांच्यात ही झीज जास्त आढळते, मधुमेह नसला तरी. उंदरांमध्ये त्यांनी असं खाणं देऊन पडद्यात तसे बदल घडवून दाखवले आणि खाणं बदलल्यावर ते थांबलेलेही दाखवले. माणसात हा संबंध आहे, कारण म्हणून अजून पक्कं झालेलं नाही, आणि सिगरेट व वय यांचा वाटा त्यात कितीतरी मोठा आहे. तरी मैद्यापेक्षा ज्वारीची भाकरी बरी हे म्हणायला एवढं पुरेसं आहे.

मुलांच्या नंबरचंही विचारतात, गोड खाल्ल्यानं चष्मा लागतो का. त्याचा पुरावा कच्चा आहे. उघड्यावर, दिवसाच्या उजेडात कमी खेळणं आणि सतत जवळचं बघणं यांचा पुरावा मात्र भक्कम आहे. मुलाची चॉकलेटं मोजण्यापेक्षा त्याला रोज दोन तास मैदानात सोडा, डोळ्याला जास्त फायदा होईल.

"गूळ तर चालतो ना? मध? खडीसाखर?"

नाही चालत, म्हणजे साखरेपेक्षा वेगळं म्हणून नाही चालत. गुळात बहुतेक भाग साखरेचाच असतो, लोह-बिह थोडं असतं पण ते मिळवायला गूळ खायचा तर सोबत ढीगभर साखर येते. मधात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही. फ्रुक्टोज रक्तातली शुगर पटकन वाढवत नाही हे खरं, पण प्रथिनांना चिकटायच्या कामात ते ग्लुकोजपेक्षा कितीतरी जास्त चपळ आहे. खडीसाखर तर साखरच. फळं वेगळी, त्यात तंतू असतात, एक पेरू खायला वेळ लागतो. त्याच फळांचा रस काढला की तंतू गेले, आणि तीन-चार मोसंब्यांची साखर दोन मिनिटांत पोटात.

जागतिक आरोग्य संघटना २०१५ पासून सांगते की वरून घातलेली साखर (यात मध आणि फळांचा रसही धरतात) रोजच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, म्हणजे साधारण ५० ग्रॅम, आणि २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर आणखी चांगलं. ३०० मिलिलिटर कोल्ड्रिंकच्या एका बाटलीत ३० ग्रॅमच्या वर असते. दुपारची शिकंजी, त्यात रबडीसारखं दाट दूध आणि साखर, तिचा हिशेब कुणी करतच नाही कारण ती आपल्याला पेय वाटते.

शुगर-फ्रीच्या गोळीची भीती

इथे तो मघाचा शब्द परत आला. शुगर-फ्री मिठाईच्या, बिस्किटांच्या पाकिटावर सॉर्बिटॉल लिहिलेलं असतं, नंबर ४२०. मग कुणीतरी गूगल करतं, सॉर्बिटॉलनं मोतीबिंदू होतो असं वाचतं आणि घाबरतं. ताई, हेच ना ते? रसायन तेच आहे. पण लेन्समध्ये जे साठतं ते लेन्सनं स्वतःच, तिथल्या तिथे, जादा ग्लुकोजपासून बनवलेलं असतं. तुम्ही खाल्लेलं सॉर्बिटॉल आतड्यात अर्धवटच शोषलं जातं, जे शोषलं जातं ते यकृत संपवतं, बाकीचं पुढे जातं आणि जास्त खाल्लं तर जुलाब होतात. तेवढाच त्याचा त्रास.

अ‍ॅस्पार्टेमची गोष्ट जास्त गंभीर वाटते. नंबर ९५१. ते पोटात फुटलं की त्यातून वजनाच्या साधारण दहा टक्के मिथेनॉल निघतं. मिथेनॉल म्हणजे विषारी दारूकांडात लोकांचे डोळे घालवणारं तेच. शरीरात त्याचं फॉर्मिक अ‍ॅसिड होतं आणि ते डोळ्याच्या नसेची ऊर्जा बंद पाडतं. हे सगळं खरं आहे. आता हिशेब करू. डाएट कोल्ड्रिंकच्या एका कॅनमध्ये २०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पार्टेम धरलं तर त्यातून निघणार २० मिलिग्रॅम मिथेनॉल. दहा मिलिलिटर शुद्ध मिथेनॉलनंही नजर जाऊ शकते, त्याचं वजन जवळपास ८००० मिलिग्रॅम. म्हणजे एका दमात ४०० कॅन प्यावे लागतील. टोमॅटोच्या आणि इतर फळांच्या रसातही थोडं मिथेनॉल निसर्गतःच असतं आणि शरीर ते रोज निस्तरतं. चहात गोळी टाकून कुणाची नजर जात नाही. ज्यांना फिनाइलकेटोन्यूरिया हा जन्मजात आजार आहे त्यांनी मात्र अ‍ॅस्पार्टेम टाळायचंच, पाकिटावर तसं लिहिलेलं असतं.

२०२३ च्या जुलैत अ‍ॅस्पार्टेमला कॅन्सरच्या 'शक्यता असू शकते' अशा यादीत टाकल्याची बातमी आली होती, तेव्हाच दुसऱ्या समितीनं रोजची मर्यादा बदलायची गरज नाही असं सांगितलं, ७० किलोच्या माणसानं दिवसाला ९ ते १४ कॅन प्यायले तर ती ओलांडली जाते. त्याच वर्षी आरोग्य संघटनेनं असंही सांगितलं की शुगर नसलेल्यांनी वजन उतरवायला ही गोड रसायनं वापरू नयेत, दीर्घकाळात फायदा दिसत नाही. माझं मत विचाराल तर, शुगर असलेल्या आजोबांना चहात एक गोळी हवी असेल तर खुशाल द्या, पण 'शुगर-फ्री' लिहिलेली काजूकतली पोटभर खाऊ नका. त्यात मावा-तूप-मैदा काय असेल ते तसंच असतं आणि शुगर वाढायची ती वाढतेच.

अजिनोमोटोनं पडदा पातळ होतो?

उंदरांत झालाय. १९५७ मध्ये लुकास आणि न्यूहाउस या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या पिल्लांना ग्लुटामेटची (अजिनोमोटो म्हणजे त्याचाच क्षार) इंजेक्शनं दिली, पडद्याचे आतले थर नष्ट झाले. मग २००२ मध्ये जपानच्या हिरोसाकी विद्यापीठात मोठ्या उंदरांना सहा महिने अजिनोमोटो खाऊ घातलं आणि पडदा पातळ झाला, त्या बातमीनंच आजवर मेसेज फिरताहेत. कारणही समजण्यासारखं आहे, पडद्यातल्या पेशी एकमेकींशी ग्लुटामेटच्याच साहाय्यानं बोलतात, ते मर्यादेबाहेर वाढलं की पेशी मरतात.

मात्र त्या जपानी प्रयोगात खाण्यातलं अजिनोमोटोचं प्रमाण २० टक्क्यांपर्यंत होतं. अर्धा किलो जेवणात १०० ग्रॅम. आपल्या नूडल्सच्या एका प्लेटमध्ये ते साधारण अर्धा ग्रॅम असतं. आणि रोजच्या डाळी, दूध, पनीर, मटण यातल्या प्रथिनांतून आपल्याला १३ ग्रॅमच्या आसपास ग्लुटामेट मिळतंच, ते बहुतेक आतड्यातच वापरलं जातं. माणसात, खाण्यातल्या प्रमाणात, अजिनोमोटोनं डोळे बिघडल्याचं दिसलेलं नाही. एक वर्षाखालच्या बाळाला देऊ नये हे पाकिटावरच लिहावं लागतं, ते पाळा. बाकी छप्पन दुकानवर, आपल्या खाऊगल्लीत, मंच्युरियन खाताना डोळ्यासाठी काळजी करायची तर मिठाची करा.

रंग : कुठला चालतो, कुठला नाही

पाकिटावर १०० पासून १९९ पर्यंतचे नंबर रंगांचे. त्यात १०० म्हणजे हळदीतलं कर्क्युमिन, १०१ म्हणजे बी२ जीवनसत्त्व. १६१बी म्हणजे ल्युटीन, जे पालकात, मक्यात असतं आणि आपल्या पडद्याच्या मधल्या भागात निसर्गानंच साठवलेलं आहे. नंबर दिसला म्हणजे विष असं नाही.

आपल्याकडे आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे, त्यात पिवळा टार्ट्राझिन १०२ आणि नारिंगी सनसेट यलो ११०, साधारण मर्यादा किलोला १०० मिलिग्रॅम. काहींना टार्ट्राझिननं अंगावर पित्त उठतं. पण मर्यादेतल्या या रंगांनी मोतीबिंदू होतो याला आधार नाही.

डोळ्यावर खरोखर परिणाम दिसलेला एक रंग आहे, कॅन्थाझॅन्थिन, १६१जी. परदेशात पाळीव सामन माशांना आणि कोंबड्यांना तो खाद्यातून देतात, मासा गुलाबी आणि अंड्याचा बलक गडद दिसावा म्हणून. १९८० च्या दशकात युरोप-अमेरिकेत कातडी सावळी दिसावी म्हणून लोक त्याच्या गोळ्या खायचे, आणि डॉक्टरांना त्यांच्या पडद्यावर सोनेरी चमकते कण दिसायला लागले. बहुतेकांना दिसायला त्रास नव्हता, गोळ्या बंद केल्यावर कण वर्षानुवर्षं घेऊन हळूहळू कमी झाले. २००३ मध्ये युरोपनं खाद्यातली मर्यादा घटवली. कुठल्याही रंगाचा प्रश्न त्याच्या प्रमाणावर येऊन ठेपतो, आणि बेकायदा रंगाचं प्रमाण कुणी मोजतच नाही. मेटॅनिल यलो, रोडामाइन बी हे कापडाला लावायचे रंग, खाण्यात अजिबात परवानगी नाही. रोडामाइन सापडलं म्हणूनच २०२४ मध्ये तामिळनाडूनं बुढ्ढी के बालवर बंदी आणली आणि कर्नाटकानं त्यात तो रंग वापरायला मनाई केली. जिलबी अंगावर येईल इतकी भगवी आणि हाताला रंग लागतोय, तर ती घेऊ नका.

भेसळीचं तेल आणि काचबिंदू

याबद्दल कुणीच विचारत नाही आणि डोळ्याला हे कुठल्याही नंबरापेक्षा जास्त घातक आहे. पिवळ्या धोत्र्याचं, म्हणजे सत्यानाशीचं बी मोहरीसारखंच दिसतं. ते सरसोंच्या तेलात मिसळलं गेलं की पाय सुजतात, धाप लागते, हृदयावर ताण येतो, आणि डोळ्यातलं प्रेशर वाढून काचबिंदू होतो. १९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत अशा तेलानं ६० हून जास्त माणसं गेली. आपण माळव्यातले सोयाबीन-शेंगदाण्याचं तेल खाणारे, पण ग्वाल्हेर-भिंडकडे सरसोंचंच चालतं आणि लोणच्यासाठी आपणही आणतो. सुटं तेल घेऊ नका, सीलबंद घ्या, त्यावर एफ प्लसची खूण असेल तर आणखी चांगलं, त्यात अ आणि ड जीवनसत्त्व घातलेलं असतं. अ जीवनसत्त्व मिळालं नाही म्हणून मुलांचे डोळे गेलेला देश आहे हा, वरून घातलेला प्रत्येक पदार्थ वाईट नसतो.

पाकीट कसं वाचायचं

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, पहिल्या तिनांत साखर असेल तर ते गोड पदार्थ समजून खा, मग पाकिटावर ओट्सचं चित्र असो की धावणाऱ्या माणसाचं. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज हीसुद्धा साखरच, आणि माल्टोडेक्स्ट्रिन नावाला साखर नसलं तरी रक्तातली शुगर तितक्याच झपाट्यानं वाढवतं. मग मागच्या तक्त्यात 'अ‍ॅडेड शुगर' आणि सोडियम बघा, आणि तो आकडा १०० ग्रॅमचा आहे की दोन बिस्किटांचा ते आधी बघा.

मग पोहे-जिलबी सोडायची का?

शुगर नसेल तर सोडू नका, रोजच्याऐवजी रविवारी खा आणि पोहे आधी खा. शुगर असेल तर जिलबीचा निर्णय तुमच्या डॉक्टरांबरोबर आणि एचबीए१सी बघून घ्या. पण पडद्याच्या तपासणीत मात्र कसलीच सवलत नको. टाइप २ निघाली त्याच महिन्यात एकदा, कारण ती कळते तेव्हा बरेचदा कित्येक वर्षं जुनी असते. टाइप १ असेल तर पाच वर्षांच्या आत पहिली तपासणी. त्यानंतर दरवर्षी, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, बाहुली मोठी करून. चष्म्याच्या दुकानात ते होत नाही, माझ्याकडेही नाही. काळे ठिपके तरंगायला लागले, वीज चमकल्यासारखं झालं किंवा नजरेवर पडदा ओढल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी जा, सोमवारची वाट बघू नका.

बरेच जण ड्रॉप्सच्या भीतीनं टाळतात म्हणून तेही सांगते. थोडं झोंबतं, वीस मिनिटं-अर्धा तास थांबावं लागतं, डॉक्टर प्रखर उजेड टाकून बघतात, झालं. नंतर चार ते सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सहन होत नाही. तेव्हा गॉगल ठेवा, गाडी स्वतः चालवत जाऊ नका, घरातलं कुणी सोबत न्या, आणि ज्याला सोबत न्याल त्याचीही शुगर झाली नसेल तर त्याच फेरीत करून टाका.